कुटुंबनियोजन कार्यक्रम (भारत)

लोकसंख्यावाढीला आळा घालण्यासाठी भारत सरकारने १९५२ साली, पहिल्या पंचवार्षिक योजनेत हाती घेतलेला कार्यक्रम. राष्ट्रीय पातळीवरचा हा जगातला पहिला. संततिनियमनाचे काम त्याआधीच सुरू झाले होते. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्येच मुंबईत केंद्र उघडले होते आणि या प्रचारापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली होती.

सुरुवात बेताची होती. तरतूद ६५ लाख रुपयांची, प्रत्यक्ष खर्च त्याहून बराच कमी. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीवादी, कृत्रिम साधनांच्या विरोधात असल्याने भर ‘सुरक्षित काळा’वर, म्हणजे गर्भधारणेची शक्यता कमी असलेल्या दिवसांवर, होता. दिवस मोजण्यासाठी बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या गेल्या: हिरवा मणी निर्धोक, लाल धोक्याचा. अपेक्षेप्रमाणे हा प्रयोग फसला.

खरा विस्तार १९६५ नंतरचा. गर्भाशयात बसवायचा लूप आला, १९६६ मध्ये स्वतंत्र विभाग झाला, कार्यक्रमाचे चिन्ह असलेला लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर दिसू लागला. १९६८ पासून १५ पैशांत तीन ‘निरोध’ कंडोम मिळू लागले. त्याबरोबर ठरावीक संख्येची उद्दिष्टेही आली. लूप बसवलेल्या बाईला रक्तस्राव झाला तर तिला पाहायला कोणी नव्हते, पण आकड्यांची वही मात्र चोख होती. लूप बदनाम झाल्यावर भिस्त नसबंदीवर आली. तेव्हा शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत पुरुषच जास्त असत. १९७१ च्या जुलैमध्ये एर्नाकुलमच्या एकाच शिबिरात सुमारे ६३ हजार पुरुषांची नसबंदी झाली.

आणीबाणीत उद्दिष्टाची सक्ती झाली. १९७६-७७ या वर्षात सुमारे ८२ लाख शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत बहुसंख्य पुरुषांच्या. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये संमत केले होते. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते बारगळले. १९७७ च्या निवडणुकीत सत्ताधारी हरल्यानंतर खात्याचे नाव ‘कुटुंब कल्याण’ झाले आणि पुरुषांना हात लावायची हिंमत पुन्हा कोणत्याच सरकारला झाली नाही. सारा भार बायकांवर गेला.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची शस्त्रक्रिया झालेली होती. नवऱ्याची नसबंदी झालेल्या ०.३ टक्के. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, पोट न उघडता होणारी. पाळणा लांबवणारी तांबी केवळ २.१ टक्के जणींनी बसवली होती. म्हणजे पाळणा लांबवण्यापेक्षा थांबवण्यावरच भर.

उद्दिष्टे १९९६ मध्ये कागदोपत्री रद्द झाली, शिबिरे चालूच राहिली. २०१४ मध्ये बिलासपूर जिल्ह्यात एका शल्यविशारदाने काही तासांत ८३ बायकांवर शस्त्रक्रिया केल्या. त्यानंतर १३ स्त्रिया दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला.

जननदर (दर स्त्रीमागे सरासरी मुले) १९९२-९३ मधील ३.४ वरून २०१९-२१ मध्ये २.० वर आला. केरळात तो उतरण्यात मुलींचे शिक्षण आणि बालमृत्यूंतील घट यांचा मोठा वाटा. बिहार २०१९-२१ मध्येही ३.० च्या घरात होता. अशा जास्त जननदराच्या सात राज्यांतील १४६ जिल्ह्यांसाठी ‘मिशन परिवार विकास’ सुरू झाले, ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळ्या मोफत मिळू लागल्या. गावोगाव ‘सास-बहू संमेलने’ भरली. मुलाची, म्हणजे नवऱ्याची, आठवण उशिराने झाली; उत्तर प्रदेशात पुढे त्यांचे नाव ‘सास-बेटा-बहू संमेलन’ झाले.