मुंबईला दारू पाजणारं गाव

मंडळी, या शनिवारी सुकापूरहून बाईक काढली आणि गव्हाण फाट्यावरून थेट उरण गाठलं. कारण? दारू! थांबा, प्यायला नाही हो, तिचा इतिहास बघायला. ऑफिसातला एक उरणकर मित्र नेहमी म्हणतो, "आमच्या गावाने अख्ख्या मुंबईला दारू पाजलीय." मला वाटायचं, फेकतोय. मग १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर चाळलं आणि गप्प बसलो. तेव्हा उरण आपल्या पनवेल तालुक्यातच होतं, आणि तिथे खरंच मोठ्या भट्ट्या होत्या. मालक बहुतेक पारशी.

द्राक्षं वगैरे नाही हं, मोहाची फुलं! तीसुद्धा लांब गुजरातेतल्या पंचमहालातून आणलेली. फुलं पाण्यात आंबवायची, भट्टीवर चढवायची, वाफ थंड करून दारू काढायची आणि मोरा बंदरातून मुंबईला.

१८७८ च्या अबकारी कायद्यानंतर इंग्रजांना दारूवरचा कर नीट मोजून हवा होता. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळा ट्रॅफिक एकाच सर्व्हरवरून वळवायचा, म्हणजे हिशेब सोपा. पण एक लफडं होतं. ठाणे-कुलाब्याच्या जंगलात मोहाची झाडं होतीच, आणि कातकरी-ठाकरांना भट्टी लावायला उरणची गरज नव्हती. मग १८९२ साली या दोन जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा आला आणि दारूच नव्हे, फुलं बाळगण्या-विकण्यावरही बंधनं आली. जे फूल लोक सुकवून खातात, ते! उरणच्या भट्टीत तेच फूल म्हणजे महसूल, वाडीवरच्या झोपडीत गुन्हा. मला तर हे वाचून चीडच आली.

पुढे १९५० मध्ये मुंबई राज्यात दारूबंदी झाली. १९७० च्या दशकात नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणची ९५ गावं अधिसूचित झाली. जमिनीच्या भावासाठी लढताना जानेवारी १९८४ मध्ये पाच शेतकरी गोळीबारात गेले. १९८९ ला न्हावा-शेवाचं बंदर आलं, आणि १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत लोकल.

आणि मोह? त्याची फुलं गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध राज्य सरकारने उठवले २०२१ मध्ये!

मित्राला हे सगळं सांगितलं. त्याला भट्ट्या ठाऊक होत्या, फुलांचा कायदा नव्हता. मग मोऱ्याच्या धक्क्यावर भाऊच्या धक्क्याची लाँच सुटेपर्यंत बसलो. चहा घेतला. चहाच, हं!