क्वासीमोदो

क्वासीमोदो : फ्रेंच साहित्यिक व्हिक्टर ह्यूगो (१८०२–८५) याच्या ‘नोत्र दाम द पारी’ (१८३१) या कादंबरीतील प्रमुख पात्र; पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलचा घंटावादक. पाठीला कुबड, एका डोळ्यावर मोठा मस, पाय वाकडे आणि कान बहिरे असे त्याचे रूप ह्यूगोने रंगवले आहे. फ्रेडरिक शोबर्लच्या इंग्रजी अनुवादाने (१८३३) कुबड्यालाच शीर्षकात आणले आणि त्याच ओळखीने तो जगभर पोचला. कथानक मात्र कुबडापेक्षा बहिरेपणाने अधिक वळते. या पात्रावर झालेल्या लेखनात या गोष्टीला पुरेसे महत्त्व मिळालेले नाही.

चरित्र : १४६७ मध्ये, ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी, बेवारस मुलांसाठी कॅथीड्रलमध्ये ठेवलेल्या लाकडी फळीवर सुमारे चार वर्षांचे हे मूल सापडते. क्लोद फ्रोलो हा तरुण धर्मगुरू त्याला पदरात घेतो आणि त्या रविवाराचेच नाव देतो. चौदाव्या वर्षी घंटांच्या दणक्याने क्वासीमोदोचे कान जातात. लोक हसतात म्हणून तो बोलणेही जवळजवळ टाकून देतो. फ्रोलो आणि तो खुणांनी बोलतात. या खुणा दोघांपुरत्याच असल्याने फ्रोलोची आज्ञा आणि बाहेरचे जग यांत फरक करायला त्याच्यापाशी दुसरे साधन उरत नाही. घंटांचा नाद तेवढा त्याला ऐकू येतो; त्यांतील सर्वांत मोठी ‘मारी’ त्याची लाडकी.

खटला व शिक्षा : कादंबरी १४८२ मध्ये घडते. फ्रोलोच्या सांगण्यावरून क्वासीमोदो एस्मेराल्दा या नर्तकीला पळवून नेण्याचा प्रयत्न करतो आणि पकडला जातो. त्याची चौकशी करणारा फ्लोरियां बार्बेदियेन हा न्यायाधीशही बहिरा असतो, पण ते लपवण्यात तो तरबेज असतो. आरोपीला प्रश्न ऐकू येत नाहीत, न्यायाधीशाला उत्तर मिळालेच नाही हे कळत नाही. मागाहून आलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला क्वासीमोदोची भलतीच उत्तरे उर्मटपणाची वाटतात आणि तो फटक्यांची शिक्षा फर्मावतो. आरोपी बहिरा आहे, असे लेखनिक दयेपोटी बार्बेदियेनच्या कानाशी लागून सांगतो. तेही न ऐकता, काही गंभीर गुन्हा सांगितला असावा अशा समजुतीने, तो शिक्षा तासाभराने वाढवतो. एस्मेराल्दा क्वासीमोदोला पाणी पाजते तो सर्वपरिचित प्रसंग याच शिक्षेच्या वेळचा. कादंबरीतील सर्वांत धारदार प्रकरण खटल्याचेच आहे. पाण्याच्या प्रसंगाने त्याला अकारण झाकोळून टाकले.

पुढे एस्मेराल्दाला फाशीची शिक्षा होते, तेव्हा क्वासीमोदो तिला वाटेवरून उचलून कॅथीड्रलच्या आश्रयाला आणतो आणि एक शिटी देतो. त्या शिटीचा आवाजही त्याला ऐकू येत असतो. पॅरिसमधील भिकारी-चोरांचा जथा तिला सोडवायला चालून येतो, तेव्हा त्यांच्या आरोळ्या ऐकू न आल्याने त्यांना शत्रू समजून तो त्यांच्यावर तुळई, दगड आणि वितळलेले शिसे टाकतो. मग राजाची माणसे येतात. त्यांना मित्र समजून, तिला शोधायला तो स्वतःच त्यांना इमारतीचे कानेकोपरे दाखवतो. तो तिच्या रक्षणासाठी जिवावर उदार होतो आणि नकळत तिच्या मारेकऱ्यांची वाट सोपी करतो. समाजाने त्याला ओळखले नाही एवढेच सांगणारे सारांश या भागाला न्याय देत नाहीत. अखेरीस तो फ्रोलोला मनोऱ्यावरून ढकलतो आणि मोंफोकोंच्या वधस्थळी एस्मेराल्दाच्या शवाशेजारी प्राण सोडतो.

मूळ व्यक्ती : १८२०च्या दशकात कॅथीड्रलच्या कामावर असलेल्या एका कुबड असलेल्या शिल्पकाराचा उल्लेख हेन्री सिब्सन या ब्रिटिश शिल्पकाराच्या आठवणींत आहे. त्यावरून हाच क्वासीमोदोचा नमुना असावा असे सुचवले गेले. एवढ्या आधारावर ते सिद्ध झाले असे म्हणता येत नाही.

पडद्यावर : आरंभीच्या फ्रेंच मूकपटांपैकी आल्बेर कापेलानीचा १९११चा चित्रपट उल्लेखनीय.

१९२३ मध्ये युनिव्हर्सलने वॉलेस वॉर्स्लीच्या दिग्दर्शनाखाली काढलेल्या मूकपटात लॉन चेनी याने क्वासीमोदो साकारला. त्याच्या रंगभूषेची, विशेषतः पाठीवरच्या कुबडाच्या वजनाची चर्चा फार झाली आणि त्याचे आकडे ठिकठिकाणी वेगळे सापडतात. त्याहून मोलाची गोष्ट ही की चेनीचे आई-वडील दोघेही कर्णबधिर होते. हात, चेहरा आणि नजर यांनी बोलणे त्याला घरातच मिळाले. त्याचा क्वासीमोदो मनोऱ्यावरून गर्दीला हिणवतो तेव्हा त्याच्या हालचालींत दिसणारी नेमकी, भरघोस भाषा केवळ रंगभूषेच्या बळावर साधणारी नाही. या भूमिकेचे इतके जाणते रूप पडद्यावर पुन्हा आलेले नाही. कथानकात मात्र या चित्रपटाने मोठे बदल केले : आर्चडीकन क्लोद सज्जन झाला, खलनायकी त्याच्या भावाकडे गेली आणि एस्मेराल्दा वाचली.

विल्यम डीटर्लेच्या १९३९च्या चित्रपटात चार्ल्स लॉटन याने ही भूमिका केली. एस्मेराल्दा मॉरीन ओहारा. येथेही दुष्टपणा धर्मगुरूकडून न्यायाधीशाकडे वळवला आहे. जां दलानॉयच्या १९५६च्या फ्रेंच चित्रपटात अँथनी क्विन होता. पटकथालेखनात कवी जाक प्रेव्हेर याचा सहभाग होता आणि शेवट कादंबरीच्या जवळचा ठेवला आहे.

डिस्नेच्या १९९६च्या अ‍ॅनिमेशनपटात क्वासीमोदोला उत्तम ऐकू येते आणि तो गातो. शेवटी जमाव त्याला खांद्यावर घेतो. संगीत मनोहर आहे. पण कान परत देताच खटला, शिटी आणि चुकीची लढाई या तिन्हींचा आधार जातो आणि उरतो तो केवळ दिसण्यामुळे दूर ठेवलेला एक भला तरुण. ही हानी मोठी आहे.

दूरचित्रवाणी : अँथनी हॉपकिन्स (१९८२).

रंगभूमी : ह्यूगोने स्वतः लिहिलेल्या संहितेवर लुईझ बेर्तां हिने ‘ला एस्मेराल्दा’ हा ऑपेरा रचला (१८३६). डिस्नेपटावरून पुढे झालेल्या संगीत नाटकात बहिरेपण परत आणले गेले. सिअ‍ॅटलच्या फिफ्थ अव्हेन्यू थिएटरने २०१८ मध्ये केलेल्या प्रयोगांत क्वासीमोदो झाला जोशुआ कास्टिल हा कर्णबधिर अभिनेता. त्याच्या वाटची गाणी दुसऱ्या गायकाने म्हटली.