डब्लिन १९१६ : एका निःशस्त्र माणसाची शहादत

सर जॉन सायमन हे नाव भारतीय वाचकाला १९२८ च्या काळ्या निशाणांमुळे परिचित आहे. त्याआधी बारा वर्षे, ऑगस्ट १९१६ मध्ये, हेच सायमन डब्लिन शहरात एका वेगळ्या कमिशनचे अध्यक्ष म्हणून बसले होते. त्या कमिशनपुढील प्रश्न संविधानाचा नव्हता. लष्करी बराकीच्या आवारात तीन निःशस्त्र नागरिकांना कोणताही खटला न चालवता गोळ्या कशा घातल्या गेल्या, हा होता. त्या तिघांपैकी एकाचे नाव फ्रान्सिस शीही-स्केफिंग्टन.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. २४ एप्रिल १९१६ रोजी, ईस्टरच्या सोमवारी, सशस्त्र आयरिश क्रांतिकारकांनी डब्लिनचे मुख्य पोस्ट ऑफिस व इतर इमारती ताब्यात घेऊन प्रजासत्ताकाची घोषणा केली. २९ एप्रिलला त्यांनी शरणागती पत्करली. मे महिन्यात पंधरा जणांना लष्करी न्यायालयाच्या शिक्षेनुसार गोळ्या घालण्यात आल्या आणि आयर्लंडच्या इतिहासात तेच अजरामर झाले. परंतु त्या सहा दिवसांत मृत्यू पावलेल्यांची संख्या अलीकडील संशोधनानुसार ४८५ च्या आसपास आहे आणि त्यांतील निम्म्याहून अधिक सामान्य नागरिक होते. बंडखोरांचे प्रमाण सहा मृतांमागे एक एवढेच भरते. उठावाचा इतिहास शिकवताना ही आकडेवारी बहुधा तळटीपेत जाते.

स्केफिंग्टन यांचा जन्म १८७८ चा, काव्हन परगण्यातला. डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते जेम्स जॉईसचे समकालीन होते. १९०१ मध्ये कॉलेजच्या मासिकाने दोघांचेही लेख नाकारले, तेव्हा त्यांनी ते स्वखर्चाने एकत्र छापले. स्केफिंग्टन यांचा लेख स्त्रियांना विद्यापीठात समान स्थान द्यावे या मागणीचा होता. पुढे ते त्याच कॉलेजचे रजिस्ट्रार झाले आणि १९०४ मध्ये याच प्रश्नावर अधिकाऱ्यांशी मतभेद होऊन त्यांनी राजीनामा दिला. आपल्यासारख्या शिक्षकी पेशातील वाचकांनी या राजीनाम्याची नोंद अवश्य घ्यावी. चांगली नोकरी तत्त्वासाठी सोडणारे रजिस्ट्रार कोणत्याही देशात विरळाच. १९०३ मध्ये हॅना शीही यांच्याशी विवाह झाल्यावर पती-पत्नींनी एकमेकांची आडनावे जोडून घेतली. स्त्री-मताधिकार, मद्यपानविरोध, शाकाहार, शांततावाद अशा अनेक चळवळींत ते असल्याने शहरात त्यांची थट्टाही पुष्कळ होई.

महायुद्धात सैन्यभरतीविरुद्ध भाषणे केल्याबद्दल १९१५ मध्ये त्यांना सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. उपोषण करून ते बाहेर आले. त्याच वर्षी त्यांनी आपले मित्र टॉमस मॅकडोना यांना एक खुले पत्र लिहिले. मॅकडोना सशस्त्र स्वयंसेवक दलाचे एक नेते होते. आयर्लंडचे स्वातंत्र्य दोघांनाही हवे होते, पण ज्या संघटनेत स्त्रियांना बरोबरीचे स्थान नाही आणि जिचा पाया शस्त्रावर आहे, ती अखेरीस लष्करशाहीकडेच जाईल, असे स्केफिंग्टन यांचे म्हणणे होते. वर्षभराच्या आत दोघेही गोळ्यांनी मेले. मॅकडोना लष्करी न्यायालयाच्या शिक्षेने, स्केफिंग्टन शिक्षेविना.

उठावाच्या पहिल्या दिवशी डब्लिन कॅसलजवळ एक ब्रिटिश अधिकारी जखमी होऊन पडल्याचे कळताच स्केफिंग्टन गोळीबारातून त्याला वाचवण्यास धावले. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, शहरात दुकानांची लूट सुरू होती. ती थांबवण्यासाठी नागरिकांचे निःशस्त्र दल उभारावे म्हणून त्यांनी सभा बोलावली. सभेला फारसे कोणी आले नाही. सायंकाळी पायी घरी परतत असताना पोर्टोबेलो पुलाजवळ त्यांना अटक झाली. त्यांच्यावर कोणताही आरोप नव्हता.

त्याच दिवशी डब्लिनमध्ये मार्शल लॉ पुकारण्यात आला होता. रात्री कॅप्टन बोवेन-कोल्थर्स्ट हा अधिकारी त्यांना बराकीतून ओलीस म्हणून, हात बांधून, एका छाप्यावर घेऊन निघाला. निघताना त्याने त्यांना प्रार्थना करण्यास सांगितले. त्यांनी नकार दिला, तेव्हा त्याने स्वतःच त्यांच्यासाठी प्रार्थना म्हटली. वाटेत रॅथमाइन्स भागात चर्चमधून घरी जाणारा कोड नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा दिसला. मार्शल लॉ लागू आहे हे ठाऊक नाही काय, असे विचारून कॅप्टनने त्याला गोळी घातली. पुढे एका तंबाखूच्या दुकानावर, नावाच्या गोंधळातून, छापा पडला आणि तेथे सापडलेल्या टॉमस डिक्सन व पॅट्रिक मॅकिन्टायर या दोन पत्रकारांना पकडण्यात आले. उठावाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. बुधवारी, २६ एप्रिलच्या सकाळी, बोवेन-कोल्थर्स्टने तिघांना आवारात आणवून सात शिपायांकडून गोळ्या घालवल्या. स्केफिंग्टन यांचा पाय हलताना दिसला म्हणून दुसरी फैर झाडण्यात आली.

यानंतरचा भाग अधिक बोलका आहे. मृतदेह बराकीतच पुरले गेले. भिंतीतील गोळ्या लागलेल्या विटा काढून नव्या बसवण्यात आल्या. हॅना यांना कोणीही काही कळवले नाही. चौकशीला गेलेल्या त्यांच्या बहिणींनाच काही काळ अटकेत ठेवले गेले. अखेर बातमी दिली ती त्या कोड मुलाच्या वडिलांनी. आपल्या मुलाचे प्रेत पाहण्यास गेले असता त्यांनी शेजारी स्केफिंग्टन यांचेही पाहिले होते. त्याच संध्याकाळी शिपायांनी हॅना यांच्या घराची झडती घेतली. गोळीबारानंतर पुरावा शोधण्याचा हा प्रकार होता. घरात त्यांचा जेमतेम सात वर्षांचा मुलगा ओवेन होता.

बराकीतील मेजर सर फ्रान्सिस वेन या एकाच अधिकाऱ्याने हे प्रकरण धसास लावले. वरिष्ठ ऐकत नाहीत हे पाहून ते लंडनला गेले आणि युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांना भेटले. वेन यांना याचे फळ सैन्यातून बडतर्फीच्या रूपाने मिळाले. जूनमध्ये लष्करी न्यायालयाने बोवेन-कोल्थर्स्टला दोषी पण वेडा ठरवले. ब्रॉडमूरच्या वेड्यांच्या तुरुंगात दोनेक वर्षेही न घालवता तो सुटला आणि १९६५ मध्ये कॅनडात मरण पावला.

सायमन कमिशनने अहवालात एक गोष्ट स्पष्ट केली : निःशस्त्र, प्रतिकार न करणाऱ्या नागरिकाला खटल्याविना मारणे हा खून आहे, मग मार्शल लॉ असो वा नसो. कायद्याच्या दृष्टीने हे वाक्य मोलाचे आहे. तीन वर्षांनी पंजाबात मार्शल लॉच्या नावाखाली जे झाले ते पाहता लंडनमध्ये ते किती जणांनी लक्षात ठेवले होते, असा प्रश्न पडतो. हॅना यांनी सरकारने देऊ केलेली १०,००० पौंडांची भरपाई नाकारली आणि अमेरिकेत गावोगाव सभा घेऊन ही हकीकत सांगितली. जानेवारी १९१८ मध्ये त्या राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनाही भेटल्या.

स्केफिंग्टन यांना काय म्हणावे? शस्त्रास त्यांचा विरोध होता, त्यामुळे आयर्लंडच्या वीरगाथेत ते नीट बसत नाहीत. मराठीतला 'हुतात्मा' शब्दही अडखळतो, कारण त्यांनी प्राणाची आहुती दिली नाही. त्यांचे प्राण घेतले गेले. 'शहादत' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ मात्र साक्ष असा आहे. कोडचा खून स्केफिंग्टन यांच्या डोळ्यांदेखत झाला होता आणि सकाळपर्यंत तो साक्षीदार जिवंत राहिला नाही. या अर्थाने शब्द चपखल बसतो.

पण साक्ष टिकते ती मागे कोणी सांगणारा असला तरच. स्केफिंग्टन यांच्यामागे हॅना होत्या, वेन होते, वृत्तपत्रे होती. डिक्सन व मॅकिन्टायर यांची नावे त्यांच्याबरोबर घेतली जातात, एवढेच. कमिशनची कार्यकक्षाच या तिघांपुरती आखलेली असल्याने कोडच्या खुनाची स्वतंत्र चौकशी झाली नाही.

या कुटुंबाचा एक धागा आपल्याकडेही येतो. १९०८ मध्ये हॅना यांच्यासोबत आयरिश स्त्री-मताधिकार संघटना स्थापन करणाऱ्या मार्गारेट कझिन्स आणि १९१२ मध्ये स्केफिंग्टन यांच्याबरोबर 'आयरिश सिटिझन' हे पत्र काढणारे त्यांचे पती जेम्स हे दोघेही १९१५ मध्ये भारतात आले. मार्गारेट यांच्या प्रयत्नांतून जानेवारी १९२७ मध्ये पुण्यास अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत्या, विषय स्त्रीशिक्षणाचा होता आणि पुढील वर्षी दिल्लीच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ यांनी भूषवले. १९०१ च्या त्या नाकारलेल्या लेखातील मागणी वेगळ्या मार्गाने येथे पोहोचली होती.

२०१६ मध्ये उठावाच्या शताब्दीनिमित्त डब्लिनच्या ग्लासनेव्हिन कब्रस्तानात एक भिंत उभारण्यात आली. बंडखोर, ब्रिटिश शिपाई, पोलीस व नागरिक अशा सर्व मृतांची नावे तिच्यावर कोणताही भेद न करता कोरली होती. क्रांतिकारकांच्या नावांशेजारी ब्रिटिश शिपायांची नावे कशाला, असा आक्षेप पहिल्या दिवसापासून घेतला गेला. २०१७ मध्ये भिंतीवर रंग फेकला गेला, २०२० मध्ये तिच्यावर हातोडे चालवले गेले. अखेर २०२२ मध्ये कब्रस्तानाच्या विश्वस्तांनी ही भिंत पुढे न चालवण्याचा निर्णय घेतला. वाद शिपायांच्या नावांवरून होता. नागरिकांची नावेही त्यांच्याबरोबर गेली.