रोपघरातली चूल

आमच्या वरवंडच्या तलावाला व्हिक्टोरिया राणीचं नाव आहे. ती जन्मण्याच्या ३८ वर्षं आधी, १७८१ मध्ये, राघोबादादांचा ब्राह्मण वकील हनुमंतराव लंडनला पोचला होता. सोबत पारशी बापलेक, मणियार रतनजी आणि कर्सेटजी. काम पेशवाईसाठी मदत मागण्याचं. पण परमुलखात सोवळं सांभाळून रांधायचं कुठं? खासदार एडमंड बर्क यांनी त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं, झाडं ठेवायचं काचेचं रोपघर मोकळं करून दिलं. तिथं ब्राह्मणाचीही चूल पेटली, पारशांचीही. पुण्यात तरी असं शेजारपण कुणी दिलं असतं का, कोण जाणे! वकिली मात्र फळली नाही. १७८२ च्या सालबाईच्या तहाने राघोबांच्या वाट्याला पेशवाईऐवजी तनखा आला.