डोंबिवलीचं मत

१९७७ च्या लोकसभा निवडणुकीत ठाणे मतदारसंघातून जनता पक्षाचे रामभाऊ म्हाळगी निवडून आले. मूळचे जनसंघाचे, पुण्याचे वकील, आणीबाणीत तुरुंगवास भोगून आलेले. आमदार असतानाच त्यांनी एक रीत पाडली होती. वर्षभरात आपण काय काम केलं याचा छापील अहवाल ते मतदारांपुढे ठेवत. कचेरीत रोज साहेबाला हिशेब देणाऱ्या पगारदार माणसाला हे मनापासून पटणारंच होतं. १९८० च्या जानेवारीत इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या. म्हाळगींनी ठाणे मात्र राखलं.

या मतदारसंघातल्या डोंबिवलीची तेव्हा झपाट्याने वाढ होत होती. गिरगाव, दादरच्या चाळीतली खोली अपुरी पडू लागली की मुलाच्या लग्नाआधी डोंबिवलीत ओनरशिपचा ब्लॉक बघायचा, हे घराघरांत ठरून गेलं होतं. बँका, विमा कंपन्या, रेल्वे, सरकारी कचेऱ्या यांतली ही माणसं सकाळच्या लोकलने मुंबईला जायची आणि दिवेलागणीनंतर परतायची. शहराचं सार्वजनिक आयुष्य संध्याकाळी आणि रविवारी घडायचं: संघाची शाखा, वाचनालय, व्याख्यानमाला, पतपेढीची वार्षिक सभा. पु. भा. भावे यांच्यासारखा कडवा हिंदुत्ववादी लेखक याच गावात राहायचा. २०१७ मध्ये डोंबिवलीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा संमेलननगरीला त्यांचंच नाव दिलं गेलं. १९२४ पासूनच्या गणेश मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली आणि ती बघता बघता महाराष्ट्रभर पसरली. फडके रोडवरच्या त्या गर्दीत सगळ्याच पक्षांचे पुढारी हजेरी लावतात. प्रचाराच्या पंधरा दिवसांत इथलं मत बनत नाही, ते अशा ठिकाणी वर्षानुवर्षं मुरत जातं. उमेदवार भाषण कसं करतो यापेक्षा तो आपल्या माणसांत वावरलेला आहे की नाही, हे इथे आधी पाहिलं गेलं.

म्हाळगींनंतरच्या काळात हा वारसा राम कापसे यांनी चालवला. प्राध्यापक, कल्याणचे आमदार आणि १९८९ व १९९१ मध्ये ठाण्याचे खासदार. पण ठाणे शहरात शिवसेनेची पाळंमुळं १९६७ पासूनची. पक्ष स्थापन होऊन जेमतेम वर्ष झालं असताना तिथल्या नगरपालिकेत सेनेचा नगराध्यक्ष बसला होता. १९९६ मध्ये भाजप-सेना युतीच्या जागावाटपात ही जागा सेनेकडे गेली आणि प्रकाश परांजपे सलग चार वेळा निवडून आले. कमळाचा मतदार फारशी कुरकूर न करता धनुष्यबाणाकडे वळला. विचार तोच, चिन्ह वेगळं, अशी त्याने मनाची समजूत घातली असावी.

तरीही डोंबिवलीला सरसकट ‘बालेकिल्ला’ म्हणणं उथळपणाचं आहे. २००९ पासून डोंबिवली हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ झाला आणि तिथून भाजपचे रवींद्र चव्हाण २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ असे चारही वेळा जिंकले. एवढंच पाहिलं तर प्रश्नच मिटतो. पण चव्हाणांच्या पहिल्या विजयानंतर वर्षभरानेच, २०१० मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेची निवडणूक झाली. तिथे मनसेला २७ जागा मिळाल्या आणि भाजपला फक्त ९! पाच वर्षांनी भाजप ४२ वर पोहोचला आणि मनसेची घसरण झाली. आमदार निवडताना विचाराशी निष्ठा ठेवणारा मतदार नगरसेवक निवडताना पाणी, खड्डे आणि कचरा डोळ्यांपुढे ठेवतो, आणि चिडला की बेधडक दुसरीकडे जातो.

शहराला लागून असलेल्या सत्तावीस गावांचं गणित आणखी निराळं. इथला आगरी समाज मूळचा, जमिनी त्याच्या. १९८३ मध्ये ही गावं महापालिकेत घातली, २००२ मध्ये वगळली, २०१५ मध्ये पुन्हा घातली. प्रत्येक वेळी निर्णय मंत्रालयात झाला आणि गावं संघर्ष समितीच्या झेंड्याखाली भांडत राहिली. यातली बरीच गावं ज्या कल्याण ग्रामीण मतदारसंघात येतात, तिथे २००९ मध्ये मनसे, २०१४ मध्ये शिवसेना, २०१९ मध्ये पुन्हा मनसे (त्या वर्षी राज्यभरात पक्षाचा हा एकच आमदार) आणि २०२४ मध्ये शिंदे यांची शिवसेना निवडून आली. लागोपाठ दोनदा कोणालाच संधी मिळालेली नाही.

आणि एवढ्या चर्चेच्या, वाचनाच्या शहरात मतदानाला माणसं कमी उतरतात, ही खंत आहेच. डोंबिवली आता ज्यात येते, त्या कल्याण लोकसभा मतदारसंघात २००९, २०१४ आणि २०१९ या तिन्ही वेळा निम्म्याहून कमी मतदारांनी मत दिलं. २०२४ मध्ये कसंबसं निम्म्यावर गेलं. २०१९ आणि २०२४, दोन्ही वेळा लोकसभेचं मतदान उन्हाळ्यात आणि सोमवारी आलं. जोडून सुट्टी मिळाली की कोकणातल्या गावाची ओढ लागते. यादीत नाव न सापडल्याने चिठ्ठी हातात घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरणारे ज्येष्ठ नागरिकही दर निवडणुकीला दिसतात, आणि त्यांचा संताप रास्त असतो.

महापालिकेच्या बाबतीत तर मत देण्याची संधीच अनेकदा हुकली. १९८३ मध्ये महापालिका स्थापन झाली, पण पहिली निवडणूक व्हायला १९९५ उजाडलं. मधली बारा वर्षं प्रशासकाचा कारभार. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक पुन्हा आले, तेही पाच वर्षं राहिले. त्या काळात डोंबिवलीकरांनी खासदार निवडला, आमदार निवडला. नळाला पाणी का येत नाही हे ज्याला विचारायचं, तो नगरसेवक मात्र कोणत्याच प्रभागात नव्हता.