मुसीचा महापूर

हैदराबाद शहराच्या मधून वाहणारी मुसी कांहीं मोठी नदी नव्हे. अनंतगिरीच्या टेकड्यांत उगम पावून ती पुढें कृष्णेला मिळते. पावसाळा सोडला तर तिच्या पात्रांत पूर्वी नांव घेण्याजोगें पाणी नसे. अशा नदीच्या काठीं घर बांधतांना कोणास भय वाटलें नाहीं, यांत नवल तें काय? त्याच नदीनें २८ सप्टेंबर १९०८ रोजीं निजामाच्या राजधानीचा मध्यभाग कांहीं तासांत धुऊन नेला.

पाऊस असामान्य होता, हें खरें. शमशाबाद येथें चोवीस तासांत १२.८ इंच वृष्टि झाली. परंतु केवळ पावसानें एवढा अनर्थ झाला नसता. त्याचें मूळ नदीच्या वरच्या अंगास होतें. मुसी व तिची उपनदी ईसी यांच्या सुमारें ८६० चौरस मैलांच्या पाणलोटांत ७८८ तलाव होते. म्हणजे जवळ जवळ दर चौरस मैलास एक. शेतीसाठीं बांधलेले हे मातीच्या बांधांचे तलाव एकाखालीं एक असे माळेसारखे ओंवलेले असत. वरच्याचें जादा पाणी सांडव्यावरून खालच्यांत यावें, अशी ती योजना. बेताच्या पावसांत याहून शहाणी योजना सांपडणें कठीण. पण या वेळीं वरचा बांध फुटला कीं त्याचा सारा लोंढा खालच्या तलावावर आदळे, आणि तोहि फुटे. असे २२१ तलाव फुटले. शहरापाशीं पोंचतांना प्रवाह दर सेकंदास सव्वाचार लाख घनफुटांवर गेला होता.

एकोणीस हजार घरें पडलीं; ऐशी हजार माणसें निराधार झालीं. मृतांचा अंदाज दहा ते पंधरा हजारांपर्यंत केला जातो. असे आंकडे कानांवरून जातात आणि मन कोरडेंच राहतें. उर्दूंतील रुबाईकार अमजद हैदराबादी त्या वेळीं तरुण होते. त्यांची आई, पत्नी आणि लहान मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेलीं. ते एकटे वांचले. पुढें या प्रलयावर त्यांनीं दीर्घ कविता लिहिली. अफझलगंजांत एक चिंचेचें झाड होतें. त्याच्या फांद्यांना धरून सुमारें दीडशें माणसें तगलीं. खालून शेजाऱ्यांचीं घरें, गुरें, प्रेतें वाहत असतां त्या फांद्यांवर काळ कसा गेला असेल!

सहावे निजाम महबूब अली खान यांनीं आपले वाडे निराश्रितांना खुले केले, अन्नछत्रें घातलीं. नदीला शांत करण्यासाठीं त्यांनीं तिची पूजा करून साडी अर्पण केली, अशी कथाहि शहरांत सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, प्रजेला ती खरी वाटली, हें त्या राजाविषयीं पुष्कळ सांगून जातें.

पुढील वर्षीं मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांना पाचारण झालें. मुंबई इलाख्याच्या नोकरींतून ते नुकतेच बाहेर पडले होते. खडकवासल्याच्या धरणावरील त्यांचीं आपोआप उघडणारीं दारें पुण्याच्या लोकांना ठाऊक होतीं. शहरांत नदीला भिंती घालून भागणार नाहीं, पूर शहराच्या वरच अडविला पाहिजे, असें त्यांचें मत पडलें. त्याप्रमाणें मुसीवर उस्मानसागर १९२० सालीं आणि ईसीवर हिमायतसागर १९२७ सालीं पुरा झाला. पूर अडविण्यासाठीं बांधलेल्या या जलाशयांनीं पुढें शहराची तहानहि भागविली.

शहर मात्र पसरत गेलें, आणि जुन्या लहान तलावांच्या पोटांत घरें उभीं राहिलीं. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टींत मुसीचें मोठें धरण फुटलें नाहीं. फुटले ते गुर्रम चेरुवु आणि अप्पा चेरुवु यांसारखे तलाव, आणि पाणी शिरलें तें त्यांच्या खालच्या वस्त्यांत.

अफझलगंजांतील तें चिंचेचें झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारांत अद्याप उभें आहे. २८ सप्टेंबरला कांहीं नागरिक त्याच्याखालीं जमतात.