महसुली कालगणना आणि मराठी दफ्तर : शुहूर व फसली सनांचा अभ्यास

प्रस्तावना

मराठ्यांच्या इतिहासाची अस्सल साधने म्हणजे प्रामुख्याने दफ्तरातील कागद होत. जमाखर्च, ताळेबंद, कौलनामे व इनामपत्रे यांवर शालिवाहन शकाबरोबर, पुष्कळदा त्याऐवजीही, शुहूर सन आढळतो. मोगली व निजामी अंमलातील कागदांवर फसली सन दिसतो. हे दोन्ही सन धार्मिक नसून शेतीच्या उत्पन्नाशी निगडित आहेत. त्यांची घडण कशी झाली आणि कागदांचा काळ ठरविताना त्यांचे महत्त्व काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चांद्र वर्षाची अडचण

हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. ते सौर वर्षापेक्षा जवळजवळ ११ दिवसांनी लहान असल्यामुळे ३२ सौर वर्षांत सुमारे ३३ हिजरी वर्षे होतात. पीक मात्र ऋतुमानाप्रमाणे येते. हिजरी सनाप्रमाणे वसुली केल्यास ३२ पिकांवर ३३ वर्षांचा सारा द्यावा लागला असता. शिवाय हप्त्याचा महिना सरकत जाऊन कधी ऐन पेरणीत, तर कधी भर पावसाळ्यात आला असता. रयतेच्या घरात धान्य नसताना मागितलेला सारा सावकाराच्या कर्जातूनच भरला जाणार. म्हणून हिजरीचा आकडा कायम ठेवून वर्ष मात्र सौर करण्याची युक्ती राज्यकर्त्यांनी स्वीकारली.

शुहूर सन

शुहूर सनाला सुरसन, अरबी सन किंवा मृगसाल असेही म्हणतात. सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो त्या दिवशी, म्हणजे हल्लीच्या मानाने जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास, हे वर्ष सुरू होते. पेरणीपासून खरीप व रब्बी ही दोन्ही पिके हाती येईपर्यंतचा सर्व व्यवहार त्यामुळे एकाच सालात मोडतो. हिजरी ७४५ म्हणजे इ.स. १३४४ मध्ये हा सन हिजरीपासून वेगळा झाला, असे गणितावरून निघते. तो काळ दख्खनमध्ये मुहम्मद तुघलकाच्या सत्तेचा होता.

हे वर्ष अंकांत न लिहिता अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिण्याची पद्धत होती. इहिदे (१), इसन्ने (२), सलास (३), अर्बा (४), खमस (५). तसेच अशरीन (२०), सलासीन (३०), सितैन (६०), मया (१००) व अलफ (१०००) हे त्यांतील काही शब्द होत. एकक आधी, मग दशक व शतक आणि शेवटी सहस्र असा क्रम असे. ‘सीत सबैन अलफ’ म्हणजे १०७६, अर्थात इ.स. १६७५-७६. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू केल्यानंतरही शुहूर सन दफ्तरातून हद्दपार झाला नाही. गावोगावचा हिशेब या सालावर बसलेला होता, हे त्याचे कारण असावे.

फसली सन

‘फसल’ म्हणजे पीक. अकबराच्या राज्यारोहणाचे हिजरी ९६३ (इ.स. १५५६) हे वर्ष आधारभूत धरून उत्तरेत फसली सन चालू झाला. त्याचा आरंभ आश्विनात, खरिपाच्या सुगीच्या तोंडावर होतो. दख्खनमध्ये तो शाहजहानच्या काळात हिजरी १०४६ म्हणजे इ.स. १६३६ पासून आला. त्यामुळे दक्षिणी फसली उत्तरेकडील फसलीच्या सुमारे सव्वादोन वर्षे पुढे आहे.

शुहूर व दक्षिणी फसली यांत नेहमी नऊ वर्षांचे अंतर असते. याचे कारण सरळ आहे. १३४४ ते १६३६ या २९२ सौर वर्षांत हिजरीची ३०१ वर्षे होऊन गेली. ७४५ मध्ये ३०१ मिळविल्यास १०४६ हा फसली, तर २९२ मिळविल्यास १०३७ हा शुहूर येतो. दोन्ही सनांची मुळे हिजरीतच आहेत, हे या एका वजाबाकीवरून स्पष्ट होते.

कालनिश्चितीतील धोके

शुहूर सनाचा इसवी सन काढताना मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. त्या दिवशी शुहूर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१ चालू होता. सरसकट ५९९ मिळविल्यास ही घटना एक वर्ष मागे जाते.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. साल सौर असले तरी महिना व चंद्र (‘छ’ या खुणेने दाखविलेली तारीख) हिजरीचेच असत. समजा, मृग १ रज्जबला लागला, तर पुढचा मृग सुमारे १२ रज्जबला लागेल. म्हणजे रज्जबच्या पहिल्या अकरा तारखा त्याच सालात दोनदा येतील. अशा वेळी वार, तिथी किंवा मजकुरातील अंतर्गत पुरावा पाहूनच जंत्रीच्या आधारे निर्णय करावा लागतो.

हा प्रश्न केवळ अभ्यासकांपुरता नव्हता. १८५२ च्या कायद्याखाली इनाम कमिशनने इनामदारांचे हक्क तपासले, तेव्हा सादर केलेल्या सनदा पेशवे दफ्तरातील नोंदींशी ताडून पाहिल्या जात. सनदेवरील साल व दफ्तरातील साल यांचा मेळ बसणे अनेक घराण्यांच्या उपजीविकेशी निगडित होते.

उत्तरकाळ

मद्रास इलाख्यात १८५५ पासून फसली वर्षाचा आरंभ १ जुलै हा ठरला आणि तमिळनाडूच्या महसूल खात्यात तो आजही पाळला जातो. हैदराबाद संस्थानात फसली वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्याने सुरू होई. त्यामुळे मराठवाड्यातील जुने जमिनीचे कागद वाचताना मृगाचा आरंभ गृहीत धरून चालत नाही. महाराष्ट्रात सध्या महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे आहे.

निष्कर्ष

शुहूर व फसली हे सन राज्यकर्त्यांची कालगणना आणि शेतकऱ्याचा हंगाम यांतील तडजोड होत. सत्ता बदलल्या तरी ही तडजोड टिकली, कारण तिचा आधार पावसावर होता. पीक शेतात येते तेव्हाच सारा मागता येतो, ही जाणीव त्यांच्या मुळाशी आहे. मोडी कागदांच्या वाचकाला लिपीइतकेच या सनांचे ज्ञान आवश्यक ठरते. त्याशिवाय कागद वाचला जाईल, पण त्याचा काळ हाती लागणार नाही.